ठिणगीची वाट

अमेरिकेच्या वायव्येस, आयडाहो आणि मोंटाना या दोन राज्यांच्या सरहद्दीवर बिटररूट नावाची पर्वतराजी आहे आणि तिच्या पश्चिम अंगाला, दोन्ही बाजूंचे डोंगर जवळजवळ खांद्याला खांदा लावून उभे असलेल्या एका चिंचोळ्या दरीत, चांदी आणि शिसे यांच्या खाणींवर पोसलेले वॉलेस हे छोटेसे गाव वसलेले आहे. १८९० च्या उन्हाळ्यात या गावाची लाकडी बाजारपेठ एका आगीत बेचिराख झाली, आणि ज्यांची दुकाने गेली त्यांनी ती पुन्हा उभी करताना लाकूड सोडून वीट पसंत केली. मात्र डोंगराच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेली राहती घरे आणि गावाच्या पूर्वेकडची वस्ती पूर्वीसारखीच लाकडाची राहिली. लाकूड तिथे दाराशी होते, स्वस्त होते, आणि आग ही एकदाच येते असे मानण्याकडे मनुष्याचा स्वभावतः कल असतो.

वीस वर्षांनंतर, २० ऑगस्ट १९१० च्या रात्री, या गावावर जो प्रसंग गुदरला त्यातून अमेरिकेच्या वनखात्याने एक धडा ताबडतोब घेतला आणि पुढे अर्धशतकाहून अधिक काळ तो निष्ठेने गिरवला. दुसरा धडा त्याच रात्री, त्याच गावाच्या छपरांवर, तितक्याच ठळक अक्षरांत लिहिला गेला होता. तो वाचला जाण्यास मात्र जवळजवळ नव्वद वर्षे जावी लागली. या दोन धड्यांमधले अंतर हाच या लेखाचा विषय आहे, कारण त्या अंतरात हजारो कुटुंबांची घरे गेली आहेत.

त्या वर्षी वसंत ऋतू कोरडा गेला. एप्रिलनंतर पावसाने जी पाठ फिरवली ती फिरवलीच. डोंगरावरचे बर्फ नेहमीपेक्षा लवकर वितळून गेले, ओढे आटले आणि जुलैच्या मध्यावर रानातले गवत हातात धरले तर चुरा व्हावे अशा अवस्थेला आले. नेमक्या याच रानातून आदल्याच वर्षी शिकागो–मिलवॉकी कंपनीचा नवा लोहमार्ग पुरा झाला होता. वाफेच्या इंजिनांच्या धुराड्यांतून उडणाऱ्या ठिणग्या रुळांच्या दुतर्फा पडत. रूळ टाकताना तोडलेल्या झाडांच्या फांद्या आणि ढलप्या तिथेच वाळत पडलेल्या असत. खाणकामगार, लाकूडतोडे, नव्याने जमीन कसायला आलेले वसाहतकार या सर्वांचे चुलाणे, शेकोट्या आणि झाडोरा जाळण्याचे प्रघात त्यात भर घालीत होते. २६ जुलैच्या रात्री विजांचे एक कोरडे वादळ या पर्वतराजीवरून गेले आणि त्याने एका रात्रीत इतक्या ठिकाणी वणवे लावले की त्यांची नोंद ठेवणेही रेंजरांना कठीण झाले.

हे वनखाते तेव्हा अवघ्या पाच वर्षांचे होते. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या पाठबळाने गिफर्ड पिंचो यांनी १९०५ मध्ये त्याची स्थापना केली होती, आणि १९१० च्या जानेवारीत नवे राष्ट्राध्यक्ष टॅफ्ट यांच्याशी खटका उडून पिंचो यांना बडतर्फ व्हावे लागले होते. पश्चिमेकडच्या लाकूड आणि खाण व्यावसायिकांना, तसेच काँग्रेसमधल्या त्यांच्या पाठीराख्यांना, हे खातेच नको होते. एकेका रेंजरच्या अखत्यारात शेकडो चौरस मैलांचा मुलूख, दिमतीला मोजकी माणसे, आणि खर्चाच्या प्रत्येक डॉलरचा जाब वॉशिंग्टनच्या कचेरीला द्यायचा, अशी त्याची अवस्था होती.

पिंचो यांच्या विचारांचे मूळ शोधू गेल्यास वाट आपल्याकडे येते, हे मराठी वाचकाला सांगण्याजोगे आहे. तरुणपणी वनविद्या शिकण्यासाठी युरोपात गेले असता त्यांनी ज्यांना गुरू मानले ते डीट्रिख ब्रांडिस म्हणजे हिंदुस्थान सरकारचे पहिले इन्स्पेक्टर जनरल ऑफ फॉरेस्ट्स. नागपूर ही ज्याची राजधानी, त्या मध्य प्रांतात, सातपुड्यातल्या बोरीच्या जंगलात, १८६४ च्या सुमारास कॅप्टन पिअर्सन या वनाधिकाऱ्याने वणवा संपूर्ण बंद ठेवण्याचा प्रयोग केला होता. गोंड आणि कोरकू लोक शेतीसाठी, शिकारीसाठी आणि नव्या गवतासाठी दरसाल जे रान जाळीत, ते जाळणे मना करून आणि जंगलाच्या कडेने जाळरेषा काढून त्याने ते जंगल आगीपासून राखून दाखवले. रान जळणे हा निसर्गक्रम नसून तो बंदोबस्ताने थांबवता येण्याजोगा उपद्रव आहे, अशी जी श्रद्धा पुढे जगभरच्या वनखात्यांत रूढ झाली, तिच्या आरंभीच्या आधारांपैकी बोरीचा प्रयोग हा एक होय. विशेष हे की, जिथे ब्रांडिस यांनी आपली कारकीर्द सुरू केली त्या ब्रह्मदेशातल्या ओलसर सागवनांत, आग पूर्ण बंद केल्यास सागाची नवी रोपे धरत नाहीत असे अनुभवास आले, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तिथले वनाधिकारी हे संरक्षण ठिकठिकाणी काढून घेऊ लागले होते. अमेरिकेपर्यंत श्रद्धा पोहोचली, ही दुरुस्ती पोहोचली नाही.

ऑगस्ट उजाडला तेव्हा मिझुला गावातल्या विभागीय कचेरीत विल्यम ग्रीली हे तरुण वनाधिकारी आणि त्यांचे दुय्यम फर्डिनंड सिलकॉक्स मिळेल तो माणूस तासाला २५ सेंट मजुरीवर भरती करून डोंगरांत पाठवीत होते. खाणींतून माणसे आली, लाकूडतोड्यांच्या तळांवरून आली, रेल्वेच्या फलाटांवरून आणि दारूच्या गुत्त्यांतून आली. त्यांतल्या अनेकांना इंग्रजी धड येत नव्हते आणि बहुतेकांनी वणव्याचे तोंड कधी पाहिलेले नव्हते. ८ ऑगस्टला टॅफ्ट यांनी लष्कराची कुमक मंजूर केली. आलेल्या पलटणींत २५ व्या पायदळाच्या कृष्णवर्णी शिपायांच्या तुकड्याही होत्या. वॉलेसच्या दक्षिणेला, सेंट जो नदीकाठच्या अ‍ॅव्हरी या रेल्वेगावी त्यांपैकी एक तैनात झाली. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत बहुतेक वणव्यांना कमी-अधिक वेढा पडला होता, आणि काही माणसांना मजुरी चुकवून घरी पाठवण्याची तजवीजही सुरू झाली होती.

शनिवारी, २० ऑगस्टला, दुपारनंतर वारा उठला. नैर्ऋत्येकडच्या पलूझ नावाच्या गव्हाच्या मुलखावरून येणारा हा कोरडा वारा त्या भागाच्या ओळखीचा होता. पण त्या दिवशी तो वादळाच्या वेगाने आला. उंच पाइन आणि सीडर मुळासकट उन्मळून पडू लागले, निरनिराळ्या दऱ्यांतल्या धुमसत्या आगी एकमेकींना मिळाल्या, आणि ज्वाला झाडाच्या शेंड्यावरून शेंड्यावर उड्या घेत, मधल्या दऱ्या ओलांडीत पुढे सरकल्या. लांबच लांब आगगाड्या एकापाठोपाठ एक लोखंडी पुलावरून धडधडत जाव्यात तसा तो आवाज होता, असे त्यातून वाचलेल्यांनी लिहून ठेवले आहे. पुढच्या छत्तीस तासांत, आयडाहो, मोंटाना आणि वॉशिंग्टन मिळून, सुमारे ३० लाख एकर रान जळाले. आपल्या साताऱ्यासारखा अख्खा जिल्हा त्यात मावून वर जागा उरेल.

त्या रात्रीची सर्वांत प्रसिद्ध हकिकत एड पुलास्की या रेंजरची आहे. चाळिशी ओलांडलेला, खाणीत आणि लोहारकामात हात मुरलेला हा गृहस्थ वॉलेसच्या दक्षिणेकडच्या डोंगरांत वेगवेगळ्या ठिकाणी पांगलेली आपली माणसे गोळा करीत फिरला आणि सुमारे पंचेचाळीस जणांना घेऊन गावाकडे निघाला. वाट आगीने अडवली होती. खाणकामामुळे त्या परिसरातला प्रत्येक बोगदा त्याच्या परिचयाचा होता. त्यांपैकी निकल्सन नावाच्या एका सोडून दिलेल्या खाणीच्या बोगद्यात त्याने सर्वांना, दोन घोड्यांसह, कोंबले. बोगद्याच्या तोंडाशी आधाराला लावलेले लाकूड पेटले तेव्हा तो ओली ब्लँकेटे टांगीत आणि जमिनीवरच्या थोड्याशा पाण्याने भरलेली टोपी ज्वाळांवर रिती करीत उभा राहिला. आतल्या धुराने वेडीपिशी झालेली माणसे बाहेर धावू लागली तेव्हा त्याने पिस्तूल काढले आणि जो बाहेर पाऊल टाकील त्याला गोळी घालीन असे बजावले. हळूहळू सर्वच जण बेशुद्ध पडले, पुलास्कीही. पहाटे शुद्धीवर आलेल्यांनी एकमेकांना हलवून पाहिले तेव्हा पाच जण उठले नाहीत. घोडेही मेलेले होते. बाकीचे, जळक्या बुटांनी, अजून तापलेल्या राखेतून चालत वॉलेसला पोहोचले. पुलास्कीच्या डोळ्यांना कायमची इजा झाली. उपचारांसाठी सरकारकडून त्याला फारसे काही मिळाले नाही, आणि १९२३ साली एका नियतकालिकाच्या निबंधस्पर्धेसाठी त्याने ही हकिकत स्वतः लिहून काढली ती बक्षिसाच्या पाचशे डॉलरांतून डोळ्यांचा इलाज व्हावा म्हणून. एका बाजूला कुऱ्हाड आणि दुसऱ्या बाजूला कुदळीचे पाते असलेले जे हत्यार त्याने आपल्या भट्टीवर घडवून सुधारले, ते आजही जगभर त्याच्याच नावाने ओळखले जाते.

सर्वांचे दैव एवढे बलवत्तर नव्हते. अ‍ॅव्हरीजवळच्या सेट्झर ओढ्यापाशी २८ जण एकाच ठिकाणी मेले. एकूण मृतांचा आकडा ८५ च्या घरात जातो, त्यांतले ७८ आग विझवायला गेलेले मजूर होते, आणि त्यांतल्या काहींची नावेसुद्धा कोणाला धड ठाऊक नव्हती. सेंट मेरीज गावच्या दफनभूमीत त्यांच्यापैकी अनेकांच्या कबरी वर्तुळाकार मांडलेल्या आहेत.

पण मला वाचकाचे लक्ष डोंगरावरून खाली, गावाकडे न्यायचे आहे. वॉलेसमध्ये त्या दिवशी दुपारपासूनच आकाश काळवंडले होते आणि भर दिवसा दिवे लावावे लागले होते. ज्वाला अजून डोंगराच्या पलीकडे होत्या, परंतु वाऱ्याबरोबर जळते ढलपे, सालींचे पेटते तुकडे आणि निखारे गावावर पडू लागले. लोक शिड्या लावून छपरांवर चढले. कोणी नळीने पाणी मारीत होते, कोणी ओल्या गोणपाटाने निखारे झोडपीत होते. रात्री नऊच्या सुमारास गावाच्या पूर्व भागात एका वृत्तपत्राच्या लाकडी कचेरीपाशी, छापखान्यातल्या तेलकट चिंध्यांच्या डब्यात एक निखारा पडला आणि तिथून आगीने पेट घेतला, असे त्या गावात सांगतात. पाहता पाहता घरामागून घर पेटत गेले. मेयर वॉल्टर हॅन्सन यांनी बायकामुलांची आणि रुग्णालयातल्या रुग्णांची आगगाड्यांतून रवानगी केली आणि धडधाकट पुरुषांनी मागे राहून आग विझवावी असा हुकूम काढला. सकाळ झाली तेव्हा गावाचा पूर्वेकडचा तिसरा हिस्सा, सुमारे शंभर इमारती, राख होऊन पडला होता. १८९० नंतर विटेत बांधलेली पेठ उभी होती.

थोडे नीट पाहू. डोंगरावरच्या ज्या ज्वालेचे वर्णन करताना साक्षीदारांची लेखणी थरथरते, ती अजस्र ज्वाला वॉलेसच्या रस्त्यांतून फिरली नव्हती. गावात आली ती ठिणगी, आणि गावाने तिला जे दिले ते तिने खाल्ले: लाकडी छप्पर, कापडी छत्री, चिंध्यांचा डबा, आणि मग शेजारचे घर. आपल्याकडे शिमग्याच्या दिवसांत पेंढ्याच्या गंजीवर उडून पडलेल्या एका किटाळाने वाडी गेल्याच्या कथा ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना हे वेगळे समजावून द्यायला नको. अ‍ॅव्हरीत शिपायांनी आणि मागे राहिलेल्या गावकऱ्यांनी उलट रीतीने हेच ओळखले. वणवा दरीत उतरू लागला तेव्हा त्यांनी गावाच्या कडेने स्वतःच्या हाताने आग लावून ती वणव्याच्या दिशेने सोडली. गावालगतचे जळाऊ सगळे आधीच जळून गेल्यामुळे वणव्याला गावात शिरायला काही उरले नाही, अ‍ॅव्हरी वाचले. डी बोर्जिया, हॉगन, टॅफ्ट, ग्रँड फोर्क्स ही वस्तीची ठिकाणे मात्र नकाशावरून जवळजवळ पुसली गेली.

२३ ऑगस्टला थोडा पाऊस झाला, महिनाअखेर चांगला झाला आणि वर डोंगरांत बर्फ पडले, आग बसली. धूर तोवर खंडाच्या दुसऱ्या टोकाला, न्यू इंग्लंडपर्यंत पोहोचला होता.

आता या घटनेतून कोणता अर्थ काढायचा, हा प्रश्न होता, आणि तो काढण्याचा मान वनखात्याकडे गेला. आपल्या डोळ्यांदेखत माणसे गमावलेल्या अधिकाऱ्यांनी काढलेला अर्थ असा की, रस्ते, माणसे, टेलिफोनच्या तारा आणि पैसा पुरेसा असता, आणि प्रत्येक वणवा लहान असतानाच गाठला असता, तर हा अनर्थ टळला असता. या अर्थात कपट नव्हते. शोक होता, आणि मेलेल्यांचे मरण व्यर्थ जाऊ नये ही तळमळ होती. जे काँग्रेस कालपर्यंत या खात्याला पैसा देताना हात आखडत होते, त्याने १९११ च्या मार्चमध्ये वीक्स कायदा मंजूर केला. पूर्वेकडील राज्यांत वनभूमी विकत घेण्याची आणि वणव्यांच्या बंदोबस्तात राज्यांशी भागीदारी करण्याची मुभा त्याने केंद्राला दिली.

दुसरा एक विचार त्याच वेळी मांडला जात होता. १९१० च्याच ऑगस्टमध्ये ‘सनसेट’ या मासिकात जॉर्ज हॉक्सी या गृहस्थाने कॅलिफोर्नियातल्या रानांची दर काही वर्षांनी हलकी भाजणी करावी, म्हणजे खाली साठलेला पाचोळा आणि झुडपे जळून जातील आणि मोठा वणवा पेटणार नाही, असे प्रतिपादन केले होते. त्या भूमीचे मूळ रहिवासी पिढ्यानपिढ्या हेच करीत आले होते. कोकणातला शेतकरी राब भाजतो त्याच सहजतेने ते ऋतू पाहून, वारा पाहून रान भाजीत. वनखात्याने या मताची ‘पायूट वनविद्या’ म्हणून, म्हणजे एका आदिवासी जमातीच्या नावाने, हेटाळणी केली. वॉलेसच्या कबरी ताज्या असताना आग लावण्याची भाषा ऐकून घेण्याची कोणाची मनःस्थिती नव्हती हे समजू शकते. परंतु हेटाळणीत ज्या लोकांचे नाव वापरले गेले त्यांनी या भूमीवर शेकडो वर्षे काढली होती, हे विसरले गेले, आणि त्याचे दुःख वाटते.

पुढची तीन दशके त्या उन्हाळ्यातून तावून निघालेल्या माणसांची होती. पिंचो यांच्या जागी आलेले हेन्री ग्रेव्हज यांनी १९२० पर्यंत खाते सांभाळले. त्यांच्यामागून मिझुलाचे ग्रीली आले, आणि १९३३ मध्ये मिझुलाचेच सिलकॉक्स. १९३५ साली सिलकॉक्स यांनी जे फर्मान काढले ते अमेरिकन वनेतिहासात सकाळी दहाचा दंडक म्हणून प्रसिद्ध आहे: कोठेही वणवा दिसला तरी तो दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आलाच पाहिजे. मंदीच्या काळात बेकार तरुणांसाठी उभारलेल्या नागरी संवर्धन दलाच्या हातांनी रस्ते झाले, टेहळणीचे मनोरे झाले. १९४० पासून विमानांतून उड्या मारून दुर्गम रानांतल्या आगी गाठणारे जवान आले. १९४४ पासून टोपी घातलेले एक अस्वल भित्तिपत्रकांवरून मुलांना वणव्यांविषयी बजावू लागले. दंडक यशस्वी झाला, आणि त्याच्या यशातच पुढच्या संकटाचे बीज होते. पूर्वी दर पाच-दहा वर्षांनी हलक्या आगीने झाडून निघणाऱ्या पॉन्डेरोसा पाइनच्या रानांत पाचोळा, झुडपे आणि कोवळी झाडे दाटीने साठत गेली. सरकारने १९७० च्या दशकात हा दंडक अधिकृतपणे सोडला, तोवर चार दशकांचे जळण रानांत रचून झाले होते.

याच काळात माणसे रानाकडे सरकली. दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारी आल्या, रस्ते आले, आणि शहरांच्या कडेचे डोंगर घरांनी भरले. ६ नोव्हेंबर १९६१ ला लॉस एंजेलिसच्या बेल एअर या श्रीमंत वस्तीत वणवा शिरला आणि ४८४ घरे जळाली. त्या घरांच्या छपरांवर कौलांसारख्या बसवलेल्या लाकडाच्या पातळ फाका होत्या. त्या पेटून सुटत आणि वाऱ्यावर पुढच्या छपरांना आग लावीत. या आगीचा नंतर हिशेब केला गेला तेव्हा, ज्या घरांचे छप्पर न जळणारे होते आणि ज्यांच्याभोवती १० ते १८ मीटर जागा साफ होती, त्यांपैकी शंभरातली पंचाण्णव घरे उभी राहिल्याचे आढळले. आकडा डोळ्यांसमोर होता. पण जो देश वणव्याशी विमाने आणि बंब घेऊन लढत होता, त्याला छपराविषयीचा तो आकडा किरकोळ वाटला.

तो किरकोळ नाही हे सिद्ध करण्याचे काम पुन्हा मिझुलात व्हावे, हा इतिहासाने साधलेला योग आहे. ज्या गावातून ग्रीली आणि सिलकॉक्स यांनी १९१० चा लढा चालवला, तिथे वनखात्याची अग्निविज्ञान प्रयोगशाळा आहे, आणि विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात जॅक कोहेन हे भौतिकशास्त्राच्या वाटेने विचार करणारे शास्त्रज्ञ तिथे एक साधा प्रश्न घेऊन बसले होते: वणव्यात घर पेटते ते नेमके कशाने? त्यांचे गणित सांगत होते की, मोठ्यात मोठ्या ज्वालेची धगसुद्धा काही दशक मीटरांपलीकडे लाकूड पेटवू शकत नाही, कारण एका जागी ती ज्वाला जेमतेम मिनिटभर टिकते. गणितावर कोणी विश्वास ठेवीना, म्हणून १९९७ पासून कॅनडाच्या वायव्य प्रदेशात, मुद्दाम पेटवलेल्या रानाच्या कडेला, १०, २० आणि ३० मीटरांवर लाकडी भिंती उभारल्या गेल्या. शेंड्याशेंड्याने धावणारी खरीखुरी आग त्यांच्यावर चाल करून आली. दहा मीटरांवरच्या भिंती काही वेळा पेटल्या आणि काही वेळा नुसत्या करपल्या. वीस मीटरांवरच्या थोड्याशा भाजल्या, पेटल्या नाहीत. तीस मीटरांवरच्या भिंतींना काही झाले नाही.

मग रानाकाठची हजारो घरे जळत कशी होती? कोहेन जळालेल्या वस्त्यांतून हिंडले. २००० साली न्यू मेक्सिकोतल्या लॉस अलामोस गावात दोनशेहून अधिक घरे गेली, तेव्हा त्यांनी पाहिले की अनेक घरांची राख झाली आहे, आणि त्या राखेच्या बाजूला पाइनची झाडे हिरवी आहेत. रानातली ज्वाला त्या घरांपर्यंत पोहोचलीच नव्हती. पन्हळीत साठलेल्या वाळक्या सुयांत एक निखारा पडला होता. वळचणीखालच्या झरोक्यातून तो माळ्यावर गेला होता. लाकडी ओट्याच्या फटीत, दाराशी रचलेल्या सरपणात, पायपुसण्यावर तो निवांत धुमसत राहिला होता, आणि बंबवाले रानाशी झुंजत असताना, कधी वणवा पुढे निघून गेल्यानंतर काही तासांनी, घर आतून पेटले होते. कोहेन यांनी घर आणि त्याभोवतीचा सुमारे तीस मीटरांचा परीघ यांना मिळून एक नाव दिले, गृहप्रज्वलन क्षेत्र, आणि घराचे भवितव्य या परिघातच ठरते असे मांडले.

यातला एक परिणाम कायद्याच्या दृष्टीने अवघड होता. रान सरकारचे, पण पन्हळ घरमालकाची. आणि दाटीच्या वस्तीत माझा परीघ शेजाऱ्याच्या अंगणात संपतो. म्हणून एकट्याने घर राखून भागत नाही, आळीने मिळून ते राखावे लागते. २००२ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेने वस्त्यावस्त्यांना या कामासाठी एकत्र आणणारा ‘फायरवाइज’ हा उपक्रम सुरू केला. कॅलिफोर्नियाने घराभोवती १०० फुटांपर्यंत झाडोरा विरळ राखणे सक्तीचे केले, २००८ पासून वणव्याच्या टापूत नव्या घरांची छपरे, झरोके आणि भिंती ठिणगीला दाद न देणाऱ्या असाव्यात असा बांधकामाचा नियम लागू केला, आणि २०२० मध्ये भिंतीपासूनच्या पहिल्या ५ फुटांत जळाऊ काही असू नये या दिशेने कायदा केला. ८ नोव्हेंबर २०१८ ला त्याच राज्यात पॅरडाइज गाव जळाले, ८५ माणसे मेली, १८,००० हून अधिक इमारती गेल्या. त्या राखेतही २००८ नंतरच्या नियमाने बांधलेली घरे जुन्यांपेक्षा अधिक प्रमाणात उभी राहिलेली दिसली. जुनी घरे मात्र संख्येने फार होती, आणि जुन्या घराचे छप्पर बदलायला पैसा लागतो. तो ज्यांच्याकडे नसतो त्यांनाच स्वस्त जागेच्या शोधात रानाकाठी जावे लागते. या गाठीची उकल अजून व्हायची आहे, आणि ती प्रयोगशाळेत होण्यासारखी नाही.

जाता जाता पुन्हा वॉलेस. २० ऑगस्टला शिधासामग्री घेण्यासाठी गावात उतरलेल्या पुलास्कीने डोंगरात परत जाताना आपली बायको एमा हिला सांगून ठेवले होते की गाव बहुधा जळेल. आगगाड्या माणसांनी भरून निघाल्या तेव्हा एमा त्यांत चढली नाही. मुलगी एल्सीला घेऊन ती खाणीबाहेर टाकलेल्या गाळाच्या आणि चुऱ्याच्या विस्तीर्ण ढिगाऱ्यावर गेली. खनिज काढून घेतल्यावर उरलेला तो निव्वळ दगडाचा भुगा होता; त्यावर झाड नव्हते, झुडूप नव्हते, गवताची काडी नव्हती. चहूबाजूंनी डोंगर पेटलेले आणि वरून निखारे पडत असलेले, अशा त्या रात्री मायलेकी तिथे बसून राहिल्या. निखारे त्यांच्या आसपास पडत होते आणि विझत होते. सकाळी एमाने रस्त्याकडे पाहिले, तेव्हा दोघा माणसांनी हाताला धरून आणलेला, डोळ्यांनी दिसत नसलेला तिचा नवरा घराच्या दिशेने येत होता.